राज्याचा कायदा तुमच्या आरोग्य विम्याच्या प्लॅनला लागू होतो का?

अमेरिकेत टेक्ससमध्ये प्री-ऑथरायझेशनमधून, म्हणजे उपचाराआधी विमा कंपनीची मंजुरी घेण्यातून, सूट देणारा ‘गोल्ड कार्ड’ कायदा असूनही एमआरआयसाठी ते का लागलं, असं एकाने विचारलंय. २०२१च्या त्या कायद्यात सूट डॉक्टरला मिळते, तीही ठरावीक सेवेपुरती. मूळ निकष असा, की त्या सेवेसाठीच्या त्याच्या किमान ९० टक्के विनंत्या सहा महिन्यांत मंजूर झालेल्या हव्यात.

पण खरी मेख १९७४च्या ‘एरिसा’ या केंद्रीय कायद्यात आहे. बऱ्याच मोठ्या कंपन्या कर्मचाऱ्यांच्या उपचारांचा खर्च स्वतःच उचलतात, कार्डावर नाव असलेली विमा कंपनी फक्त कारभार पाहते. अशा सेल्फ-फंडेड प्लॅनला राज्याचे विमा कायदे लागूच होत नाहीत. नोकरीतून विमा मिळणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक लोक यात मोडतात. आयटीतली आपली कितीतरी मंडळी यात असणार, आणि नकाराचं पत्र येईपर्यंत त्यांना हे कुणी सांगत नाही, याचा मला फार राग येतो.

टेक्ससमध्ये विम्याच्या कार्डावर ‘टीडीआय’ किंवा ‘डीओआय’ (राज्याच्या विमा खात्याची लघुरूपं) छापलेलं असेल तर राज्याचे नियम लागू. नसेल तर एचआरला स्पष्ट विचारा.

कॅलिफोर्नियाने २०२५पासून केवळ एआयच्या भरवशावर उपचार नाकारायला बंदी घातली, तिथेही सेल्फ-फंडेड प्लॅनची हीच अडचण.

तरी हातपाय गाळू नका. वैद्यकीय कारणावरून नाकारलं असेल आणि प्लॅनकडे केलेलं अंतर्गत अपीलही फेटाळलं, तर ‘ओबामाकेअर’ या केंद्रीय आरोग्य कायद्याखाली बहुतेक सेल्फ-फंडेड प्लॅनमध्येही बाहेरच्या तज्ज्ञांकडून फेरतपासणी मागता येते. ती मागायची मुदत चार महिने. डॉक्टरांचं पत्र सोबत जोडाच.