चार्जरवर रांग असताना ऐंशी टक्क्यांना गाडी काढायची, की शंभर करूनच हलायचं? (लातूर–बीड–संभाजीनगर)

मांजराकाठ (लातूर)

मागच्या शनिवारची गोष्ट. घरची चौघं इलेक्ट्रिक गाडीनं लातूरहून संभाजीनगरला निघालो. अंबाजोगाई, केज, मांजरसुंबा, घाट उतरून बीड आणि गेवराईवरून पुढं, हा आपला नेहमीचा रस्ता. सगळं मिळून पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपास. गाडीची बॅटरी ४५ युनिटची. जाहिरातीत काहीही छापलेलं असो, चार माणसं, भरलेली डिकी आणि एसी लावून मला युनिटला साडेसहा-सात किलोमीटर पडतात. घरून शंभर करून निघालो तर हिशेबानं पोचतो, पण शेवटचे तीस किलोमीटर देवाचं नाव घेत. त्यात आदल्या रात्री लाईट गेली, म्हणून निघालोच ७२ वर. बीडला २३ टक्के उरले होते.

तिथं हायवेलगतच्या एका हॉटेलात ६० किलोवॉटचा चार्जर आहे. दोन गन (गाडीला लावायचे चार्जिंगचे प्लग), त्यातल्या एकीला सुतळीनं पुठ्ठा बांधलेला, 'बंद आहे'. दुसरी एका पांढऱ्या गाडीला लागलेली, स्क्रीनवर ८४ टक्के. मालक आत जेवत होते. जाऊन विचारलं, "दादा, किती वेळ?" म्हणाले, "शंभर झालं की निघतोच."

मी मशीनसमोर उभा राहून आकडे बघत बसलो, दुसरं करणार काय. चार्जिंगचा वेग सुरुवातीला १९ किलोवॉट, मग ११, ९८ च्या पुढं ४. शंभर व्हायला ३८ मिनिटं गेली आणि तेवढ्यात त्यांच्या गाडीत गेली साधारण सात युनिटं. त्याच ३८ मिनिटांत माझी गाडी २३ वरून पाऊणशेच्या वर गेली असती आणि मी गेवराईच्या वाटेला लागलो असतो.

माझं म्हणणं एवढंच. मागं कोणी थांबलं असेल तर ऐंशीला गन काढायची. मागं कोणी नसेल तर खुशाल शंभर करा, पाहिजे तर तिथंच झोपा. सार्वजनिक नळावर घागर भरली की माणूस बाजूला होतो, तिथंच धुणं काढून बसत नाही.

गोदाकाठचा नांदेडकर

नळाचं उदाहरण लातूरच्या माणसानं द्यावं, याचं नवल वाटलं. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं तेव्हा लातुरात कोण एका घागरीवर थांबत होतं? पातेलं, डबा, कळशी, असेल ते भरून ठेवत होते लोक. उद्या नळ येईल याची खात्री नसली की माणूस असाच वागतो, त्याला हावरट म्हणत नाहीत.

माझा अनुभव ऐका. माझी गाडी जुनी, ३० युनिटची. गेल्या मे महिन्यात संभाजीनगरहून नांदेडला परत येत होतो. जालन्यात मागं एक बाई मुलांना घेऊन थांबल्या होत्या, म्हणून ऐंशीला गन काढून दिली. तुमचाच नियम. पुढचं चार्जिंग जिंतूरला, ॲपवर हिरवं दिसत होतं. मंठा ओलांडून जिंतूरला पोचलो तर मशीन ठार बंद, आणि स्क्रीनवर कोळ्याचं जाळं. गाडीत पंचवीस टक्के. परभणी पंचेचाळीस किलोमीटर. एसी बंद, काचा खाली, बेचाळीस डिग्री आणि ताशी पन्नास. मागचे ट्रकवाले हॉर्न मारून कान किटवत होते.

बोरीच्या पुढं धीर सुटला. एका वेल्डिंगच्या दुकानात १५ अँपियरचा पॉईंट दिसला, तिथं गाडी लावली. चार तास बसलो. वेल्डिंगवाला भला माणूस, एक पैसा घेतला नाही, वर दोनदा चहा पाजला. पण तो गेटला टाका मारायला लागला की व्होल्टेज पडायचं आणि माझं चार्जिंग बंद. मग तो हसायचा, मी पुन्हा गन लावायचो. चार तासांत मिळाली दहा-अकरा युनिटं.

त्या दिवसापासून मी शंभरच करतो. मागं कोणीही असो.

किलोवॉटकाका

दोघांच्याही हिशेबात थोडं राहिलंय.

बॅटरी रिकामी असताना भरपूर करंट घेते. भरत आली की तिचं व्होल्टेज वर चढतं आणि एका मर्यादेला टेकलं की गाडीच स्वतःहून करंट कमी करते. तांब्यात पाणी ओतताना गळ्याशी आलं की आपण धार बारीक करतो ना, तसं. ते चार्जरच्या हातात नसतं, गाडीतली यंत्रणा मागेल तेवढंच चार्जर देतो. शेवटच्या दोन-चार टक्क्यांत सगळे सेल एका पातळीवर आणायचं कामही चाललेलं असतं, म्हणून ९८ नंतर ४ किलोवॉट.

पण ऐंशीचा आकडा दगडावरची रेघ नाही. ६० किलोवॉटच्या चार्जरवर ऐंशीनंतरची घसरण ठळक दिसते. आपल्याकडे पुष्कळ ठिकाणी ३० किलोवॉटची मशीन आहेत. तिथं मुळातच धार बारीक असल्यामुळे माझी ४५ युनिटची गाडी ८८-९० पर्यंत जवळजवळ त्याच वेगानं घेत राहते. म्हणून टक्के बघू नका, किलोवॉट बघा. सुरुवातीला मिळत होते त्याच्या निम्म्यावर आले की रांगेतल्या माणसाचं नुकसान तुमच्या फायद्यापेक्षा जास्त होऊ लागतं.

दोन गनवाल्या ६० च्या मशीनला दोन गाड्या लागल्या तर बहुतेक वेळा ३०-३० वाटले जातात, हेही लक्षात ठेवा. शेजारी कोणी गाडी लावली आणि तुमचा वेग पडला, तर त्याच्यावर डोळे वटारू नका.

आणखी एक. लोह-फॉस्फेटची बॅटरी असेल तर अधूनमधून शंभर करायला कंपन्याच सांगतात, नाहीतर टक्क्यांचा अंदाज चुकायला लागतो. पण ते घरी, रात्री, सावकाश. बीडच्या हायवेवर दुपारी दीड वाजता नाही.

नाना डिझेलवाले

वाचून करमणूक झाली. पाच मिनिटांत टाकी फुल, नांदेड ते पुणे बिनघोर. वेल्डिंगच्या दुकानात चार तास बसायला आम्हाला तरी वेळ नाही बुवा.

मांजराकाठ (लातूर)

नाना, बाहेर २१ रुपये युनिटनं लावूनही मला किलोमीटरला तीन-सव्वातीन रुपये पडतात, आणि महिन्यातली बरीचशी धाव घरच्या विजेवर होते. तुमच्या गाडीचा आकडा तुम्हीच काढा. पण धागा त्याबद्दल नाही.

@गोदाकाठचा, तुमचे हाल झाले हे कबूल. पण जिंतूरचं मशीन बंद होतं म्हणून जालन्याच्या रांगेतल्या बाईंनी थांबायचं, हे कुठलं गणित? शिवाय ३० युनिटच्या बॅटरीचे वरचे वीस टक्के म्हणजे सहा युनिटं, छत्तीस-चाळीस किलोमीटर. तेवढ्यानं परभणी गाठली असती, हे मान्य. पण त्यासाठी प्रत्येकानं प्रत्येक ठिकाणी पाऊण तास जास्त अडवला तर अख्खा रस्ताच तुंबेल.

गोदाकाठचा नांदेडकर

तुम्हीच मान्य केलंत, परभणी गाठली असती. माझा मुद्दा संपला.

गेवराईची लेक

सगळे टक्के मोजताय. मी वेगळं मोजते. सासूबाईंना योगेश्वरीच्या दर्शनाला अंबाजोगाईला नेलं होतं, परत यायला रात्रीचे नऊ झाले. वाटेत ज्या चार्जरवर थांबायचं ठरवलं होतं तो एका बंद पेट्रोल पंपाच्या मागच्या अंगाला. ना दिवा, ना माणूस, ना बाथरूम. मशीन चालू होतं बरं का! ॲपच्या दृष्टीनं सगळं हिरवंगार. मी गाडीतून उतरलेच नाही, तशीच पुढं काढली आणि १९ टक्क्यांवर घर गाठलं.

तेव्हा बाईमाणूस गाडी चालवत असेल आणि उजेडात, माणसांत असलेल्या चार्जरवर शंभर करत असेल, तर तिला ऐंशीचा नियम शिकवू नका. पुढचा चार्जर तिच्यासाठी असूनही नसतो.

दिवसा मात्र मी धागाकर्त्यांच्या बाजूनं. जेवायला बसायचं तर गाडीच्या काचेवर मोबाईल नंबर लिहून जावं, एवढं तरी करा. पुरुषांना आत जाऊन टेबलाटेबलावर विचारता येतं, आम्हाला ते अवघड होतं.

जालनाकर समृद्धीवाला

समृद्धीवर हा प्रश्न फारसा येत नाही. खरा प्रश्न वेगाचा आहे. लोक १२० नं हाणतात आणि मग रेंज कमी मिळाली म्हणून रडतात. हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो. ८० च्या तुलनेत १२० ला सव्वादोन पट. उन्हाळ्यात तसंच तापवून गाडी चार्जरला लावली की बॅटरी गार होईपर्यंत पूर्ण वेग मिळत नाही. मी ९० ला चालवतो. रस्त्यात वीस मिनिटं जास्त जातात, पण चार्जरवर तेवढीच वाचतात. शंभर-ऐंशी करायची वेळच येत नाही.

गोदाकाठचा नांदेडकर

समृद्धी ७०१ किलोमीटरची, पण मराठवाड्याच्या ८ जिल्ह्यांपैकी २ जिल्ह्यांतून जाते. जालना आणि संभाजीनगर. आम्ही उरलेल्या सहांतले.

केंद्राच्या जानेवारी २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत हायवेवर दोन्ही अंगांना दर २५ किलोमीटरला एक चार्जिंग स्थानक आणि लांब पल्ल्याच्या व अवजड गाड्यांसाठी दर १०० किलोमीटरला एक वेगवान स्थानक असावं, असं लिहिलं होतं. २०२४ च्या पीएम ई-ड्राइव्ह योजनेत चार्जिंगसाठी २,००० कोटी ठेवले. छान आहे. पण बसवलं किती ते मोजतात, आज चालू किती ते कोण मोजतं? जिंतूरचं ते मशीनही 'बसवलेल्या'त धरलेलंच असणार.

हॉटेलवाला (बीड रोड)

मी त्याच रोडला हाय. मशीन कंपनीचं, जागा माझी. युनिटमागं मला थोडं मिळतं. लोकं म्हणायलेत, मशीन बंद, मशीन बंद. आरं बाबांनो, दहातल्या पाच टायमाला मशीन चांगलं असतंय, मोबाईलची रेंज नसती. ॲपवरून चालू व्हायचं म्हणल्यावर मशीनच्या आतल्या सिमला नेट पाह्यजे का नको?

दुसरं म्हंजी लाईट. मागच्या महिन्यात आमची डीपी जळाली, दुसरी यायला बारा दिवस गेले. जनरेटरवर फ्रीज चालतो, ही मशीन न्हाई चालत. तिसरं धूळ. मशीनच्या पंख्यात इतकी धूळ जाती की मे महिन्यात ते तापून आपोआप निम्म्यावर येतं. मी ब्लोअर मारतो, ते काम कंपनीचं हाय पण मीच करतो. आन् उसाच्या दिवसात डबल ट्रॉलीवाले बरोब्बर मशीनपुढंच ट्रॅक्टर लावून झोपत्यात. उठवायला गेलं की म्हणतो, मालक, रात्रभर जागाय.

तुमचं ऐंशी का शंभर ते तुम्ही ठरवा. मला तर माणूस जितका जास्त बसंल तितकं बरं, दुसरी भाकरी मागतो.

एकच सांगतो, गन वापरून झाली की जागेवर अडकवत जा. खाली टाकून जात्यात. परवा एकीवरून पिकअपचं चाक गेलं. तवापासून तिला पुठ्ठा बांधलाय.

मांजराकाठ (लातूर)

मालक, म्हणजे तो पुठ्ठा तुमचाच! शनिवारी तुमच्याकडंच होतो मी. शेंगदाण्याची चटणी झकास होती, चार्जिंगचं मात्र असं झालं.

काकांचं निम्म्यावर आले की सोडायचं गणित मला पटतं, ऐंशीपेक्षा ते बरं. ताईंचा रात्रीचा मुद्दाही डोक्यात नव्हता, तो मानतो. नांदेडकरांचं मात्र अजून पटत नाही. भीती खरी आहे, पण तिची किंमत मागच्यानं का भरायची? पुढचं मशीन बंद निघेल अशी शंका असेल तर निघायच्या आधी तिथं फोन करा.

गोदाकाठचा नांदेडकर

कुणाला करू फोन? मशीनवर टोल-फ्री नंबर असतो. तो लागला की हिंदीत सांगतात, "सर, हमारे सिस्टम में तो ऑनलाइन दिख रहा है." जिंतुरात मशीनसमोर उभा राहून मी हे ऐकलंय.

मी एवढं करू शकतो. मागं कोणी असलं तर त्याला आधी विचारीन, तुमच्याकडं किती टक्के आहेत आणि जायचं कुठवर. त्याची गरज माझ्यापेक्षा जास्त निघाली तर काढीन. पण आकडा बघून नाही, माणूस बघून.

किलोवॉटकाका

हे मशीनच्या स्क्रीनवर लिहिता येत नाही, पण चालेल.

गेवराईची लेक

हॉटेलवाले दादा, तुमच्याकडं रात्री किती वाजेपर्यंत माणसं असतात? आणि बाथरूमला आतून कडी आहे का?

हॉटेलवाला (बीड रोड)

ताई, साडेअकरापर्यंत माझी मंडळी बी असती हितं. कडी हाय. दिवा गेल्ता, कालच नवा बसवला.

औशाचा नवखा

गाडी घेऊन पंधराच दिवस झालेत. येत्या रविवारी औशाहून संभाजीनगरला निघतोय, सोबत आईवडील. बीडला दुपारी बाराच्या सुमारास येईन. मशीन चालू राहील ना?

हॉटेलवाला (बीड रोड)

रविवारी दहा ते दोन लाईनवर काम हाय म्हणून वायरमन सांगून गेलाय. सकाळी लवकर निघा, न्हाईतर तीननंतर या. आन् घरून फुल करून निघा बरं.