जपानहून आणलेली स्कायलाइन आणि यूकेची एमओटी

ढिलाक्लच: लेस्टरला १९९६ ची आर३३ (निस्सान स्कायलाइनचं मॉडेल) आहे, थेट जपानहून आलेली. कॉइलओव्हर (उंची कमी-जास्त करता येणारं स्प्रिंग-शॉक सस्पेन्शन), कंपनीबाहेरचा एक्झॉस्ट, हेडलाइटला एचआयडी (झेनॉन बल्बचं) किट. एमओटी (यूकेतली गाडीची वार्षिक तपासणी) पुढच्या आठवड्यात. कुठे अडेल?

पाना_१२: एचआयडी आधी काढा. हॅलोजनच्या हेडलाइटमध्ये ते किट दिसलं की गाडी फेल. साधे बल्ब लावा. जपानमध्येही वाहतूक डावीकडूनच, त्यामुळे बीमचा कल बरोबरच असतो. लाइट बदलू नका.
जपानी गाड्यांना मागचा फॉग लॅम्प बहुधा नसतोच, इथे तो लागतो. एकच असेल तर मध्यभागी किंवा ड्रायव्हरच्या बाजूला, ब्रेकलाइटपासून किमान १०० मिमी लांब. आत डॅशवर त्याचा इंडिकेटर दिवाही पेटायला हवा. बरेच जण नेमकं तेच विसरतात.

काळाधूर: खरी कटकट एक्झॉस्टची. कंपनीचा कॅट (धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) काढून नुसता पाइप टाकला असेल तर धूर मोजायचं मशीन लावायच्या आधीच फेल. कॅट असेल तर फास्ट आयडलला (उभ्या गाडीचं इंजिन जरा जोरात फिरवून) सीओ (कार्बन मोनॉक्साइड) ०.२%, एचसी (न जळलेलं इंधन) २०० पीपीएमच्या आत, लॅम्डा (हवा-इंधनाचं प्रमाण) ०.९७ ते १.०३. सीओ ठीक पण लॅम्डा १.०५ येत असेल तर कॅटला दोष देऊ नका, ऑक्सिजन सेन्सरनंतरच्या पाइपच्या जोडावरचा फ्लँज गॅस्केट बघा, तिथून हवा आत जाते. आणि गाडी वीसेक मिनिटं पळवून गरमागरम न्या, थंड कॅट काम करत नाही.

पाना_१२: कॉइलओव्हर चालतात. पण जॅकवर चाक लोंबकळलं की स्प्रिंग सीटवरून सुटता कामा नये. सुटत असेल तर हेल्पर स्प्रिंग (मुख्य स्प्रिंगला जागेवर धरणारी छोटी स्प्रिंग) टाका. स्टिअरिंग पूर्ण वळवून टायर आर्चला (चाकावरच्या पत्र्याच्या कमानीला) घासतोय का तेही बघा.

ढिलाक्लच: काचांची काळी फिल्म?

काळाधूर: एमओटीत मोजत नाहीत. पोलीस मात्र मोजतात, पुढच्या बाजूच्या काचांतून ७०% उजेड यायला हवा.