'संदिग्ध संबंध' म्हणावं का?

दर्यापूर : आमच्या शेतकरी कंपनीच्या कापूस खरेदीचा अहवाल मी पॉवर बीआय या आकडेवारीचे अहवाल बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये बांधते आहे. एक तक्ता खरेदीचा, एक गावांचा; गावावर तालुका, तालुक्यावर जिल्हा. खरेदीच्या प्रत्येक नोंदीत गाव दोनदा येतं, शेतकऱ्याचं आणि केंद्राचं. माणूस दर्यापूर तालुक्यातला, कापूस मोजला अकोटला. मग तो माल अमरावती जिल्ह्यात धरायचा की अकोल्यात? सॉफ्टवेअर या दोन तक्त्यांमधला एकच संबंध सलग रेघेनं जोडतं, दुसरी रेघ तुटक ठेवतं. अशा दोन वाटा असल्या की इंग्रजीत त्याला 'ॲम्बिग्युअस' म्हणतात. संचालकांसाठी मराठी टिपण लिहायचं आहे. 'संदिग्ध संबंध' चालेल का? मला तो शब्द टोचतो, का ते सांगता येत नाही.

आर्वी : ताई, टोचायलाच हवा. संदिग्ध आणि संदेह एकाच धातूचे. तुमच्या तक्त्यात संदेह कुठे आहे? शेतकऱ्याचं गाव पक्कं, केंद्राचंही पक्कं. दोन पक्क्या वाटा गावांच्या एकाच तक्त्याशी पोचतात, अडचण ती आहे. संदिग्ध म्हणायचं तर नुसतं 'पिंपळगाव' लिहिलेल्या नोंदीला म्हणा. ते कोणतं पिंपळगाव? तो दोष गावाला संकेतांक दिला की जातो. हा जात नाही.

वणी : मामाची पोरगी केली का मामाच सासरा होते. दोन्ही नाती खरी. घरात आपण मामाच म्हणतो, पण मानपानाच्या वेळी सासरा म्हणून आहेर करा लागते. यात संदिग्ध काय हाय?

दर्यापूर : काकाजी, हे संचालकांना लगेच पटेल! काम तसंच चालतं. रोजच्या बेरजा शेतकऱ्याच्या गावावरून. केंद्रनिहाय आकडा हवा असेल तेव्हा त्या एका सूत्रात 'युजरिलेशनशिप' लिहून तुटक रेघ जागी करायची; तेवढ्यापुरती सलग रेघ बाजूला होते. मग तुटक रेघेला 'निष्क्रिय' तरी कसं म्हणू?

आर्वी : म्हणू नका. आपल्याकडे 'वहिवाट' आहे. शेतात जायला दोन पांदणी असल्या तरी वहिवाट एकीची असते. हा शब्द कचेरीतही मुरलेला आहे. वहिवाटीचा रस्ता अडवला तर 1906 च्या मामलतदार न्यायालय कायद्याखाली तहसीलदाराकडे दाद मागता येते. सलग रेघ ती 'वहिवाटीचा संबंध'. दुसऱ्याला 'पडीक' म्हणा. पडीक रान पुन्हा वाहता येतं, निष्क्रिय शब्दात ती आशा नाही.

वणी : पडीक नको भाऊ. पडीक म्हणजे कसायची ऐपत नाही, असं ऐकणाऱ्याच्या मनात येते. 'बिनवहिवाटीचा' म्हणा, लांब झाला तरी खरा हाय.

दर्यापूर : मलाही तोच बरा वाटतो. आमच्या तारखांनाही लागू पडेल: तोलाची तारीख वहिवाटीची, चुकाऱ्याची बिनवहिवाटीची. गावांचं मात्र मी वेगळं करणार आहे. जिल्हा-तालुका-गाव ही उतरंड दोन्ही बाजूंनी एकाच पानावर दाखवायची असल्यानं गावांच्या तक्त्याच्या दोन प्रती ठेवते, 'शेतकरी-गाव' आणि 'केंद्र-गाव'. मग दोन्ही रेघा सलग राहतात. गेल्या हंगामात हे न केल्यानं अकोटला मोजलेला सगळा कापूस दर्यापूरच्या खात्यात दिसला, आणि अकोटच्या केंद्रावरची माणसं दिवसरात्र राबूनही बैठकीत त्यांच्यापुढे शून्य लागलं. मला ते फार लागलं होतं.

आर्वी : मग टिपणात आधी त्या दोन प्रतींची नावं लिहा. 'गाव' हा नुसता शब्द कुठल्याच मथळ्यात राहू देऊ नका.