अ‍ॅबस्ट्रॅक्ट आणि स्टॅटिक एकत्र : पायथनमधली गोम

स्टॅटिक मेथड (ऑब्जेक्ट न बनवता क्लासच्या, म्हणजे साच्याच्या, नावानेच बोलावता येणारं फंक्शन) ओव्हरराइड होत नाही, म्हणजे उपक्लासमध्ये नव्याने लिहून बदलता येत नाही, म्हणून तिला अ‍ॅबस्ट्रॅक्ट (मूळ क्लासमध्ये फक्त नाव, काम उपक्लासने लिहायचं) म्हणण्यात अर्थ नाही, असं म्हटलं जातं. जावापुरतं बरोबर, दोन्ही शब्द एकत्र लिहिले की कंपायलरच अडवतो. पण सगळ्या भाषा तशा नाहीत. सी शार्प ११ पासून (२०२२) इंटरफेसमध्ये (क्लासने कोणत्या मेथड द्यायच्या याची यादी) स्टॅटिक अ‍ॅबस्ट्रॅक्ट चालतं. पायथनमध्येही दोन्ही डेकोरेटर (मेथडच्या वर '@' लावून लिहायच्या खुणा) एकत्र लावता येतात, फक्त स्टॅटिकमेथड वर आणि अ‍ॅबस्ट्रॅक्टमेथड खाली हवं.

आणि तिथेच मी आपटलो. इथे इंदूरला एका नमकीनवाल्या काकांचं बिलिंग लिहीत होतो. 'माल' या मूळ क्लासमध्ये 'दर' ही अशी मेथड, आत नुसतं 'पास' (काहीच न करणारी ओळ). त्यावरून केलेल्या लसूण शेवेच्या उपक्लासमध्ये ती लिहायची राहिली. वाटलं, पायथन ओरडेल. छे! तो ही तपासणी ऑब्जेक्ट बनवताना करतो, आणि मी तर थेट क्लासच्या नावानेच 'दर' बोलावत होतो. 'नन' (म्हणजे 'काहीच नाही') परत आलं, त्यापुढे मीच शहाणपणाने 'ऑर ०' (काही नसेल तर शून्य धर) लावलेलं. पाव किलो शेवेचं बिल शून्य रुपये! काका म्हणाले, "अरे, दुकान लुटवतोस का?" तेव्हापासून अशा मेथडमध्ये 'पास' न लिहिता 'नॉटइम्प्लिमेंटेडएरर' ('हे अजून लिहिलेलं नाही' असं सांगणारी चूक) फेकतो.