अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलमध्ये दरवर्षी अर्धी टीम नवीन? हे नक्की चाललंय काय?

तळजाई_वॉकर

नमस्कार मंडळी. धागा कुठल्या विभागात टाकावा कळेना म्हणून क्रीडामध्ये टाकतोय, चुकला असेल तर हलवा.

आमचा धाकटा ब्लूमिंग्टनला इंडियाना युनिव्हर्सिटीत एमएस करतोय. २०२४ च्या ऑक्टोबरात आम्ही दोघं महिनाभर तिकडे होतो तेव्हा त्याने हट्टाने एका मॅचला नेलं. फुटबॉल म्हणजे त्यांचा हं, हेल्मेटवाला, हाताने खेळायचा. मला ओ की ठो कळत नव्हतं, हिला नुसती थंडी वाजत होती, पण दोन तासांनी मीच उभा राहून ओरडत होतो. येताना लालभडक जर्सी घेतली, ती घालून तळजाईवर जातो तर एकाने विचारलं, काका कुठल्या मंडळाचा टीशर्ट.

तर २० जानेवारी २०२६ ला सकाळी सहाला फायनल होती आपल्या वेळेनुसार, इंडियाना विरुद्ध मायामी. साडेपाचला उठलो, आलं घालून चहा केला, शाल पांघरून बसलो. जिंकली आपली टीम २७-२१, सीझनभरात १६ पैकी १६. आनंद झालाच. पण मी ज्याच्या नावाने ओरडलो होतो तो क्वार्टरबॅक (म्हणजे बॉल फेकून टीम चालवणारा मुख्य गडी) कर्टिस रोर्क नाहीच, त्या जागी फर्नांडो मेंडोझा, आणि बाकीचेही बरेच चेहरे नवीन. पोराला विचारलं तर म्हणाला बाबा, रोर्कसुद्धा एकच वर्ष होता, दुसऱ्या कॉलेजातून आलेला, आणि मेंडोझा पण दुसऱ्याच कॉलेजातून आलाय, आता तोही जाईल. मग इंडियानाचं त्यात काय आहे? जर्सी फक्त?

विचारायचं असं की हे विद्यार्थी आहेत ना? मध्येच कॉलेज बदलतात म्हणजे अभ्यासाचं काय, आणि हे आयपीएलचं ऑक्शन आहे का कॉलेज? कोणी थोडं सोपं करून सांगेल का.

नाईटशिफ्ट_बाणेर

काका अभिनंदन आधी. माझा क्लायंट कोलंबसचा, सगळे ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीच्या टीमचे फॅन, सोमवारचा कॉल सुरू व्हायच्या आधी पंधरा मिनिटं फुटबॉल होतो त्यामुळे मी इच्छा नसताना एक्सपर्ट झालोय.

पूर्वी असं होतं की पोराला कॉलेज बदलायचं तर जुन्या कोचकडून परवानगी काढायची, आणि कोच मनात आलं तर अमुक कॉलेज सोडून कुठेही जा असं सांगू शकायचा. वर नवीन कॉलेजात गेल्यावर एक वर्ष बाकावर, प्रॅक्टिस करायची पण मॅच नाही. म्हणून फारसं कोणी हलायचं नाही. ऑक्टोबर २०१८ ला एनसीएए ने (कॉलेजांच्या खेळांचे नियम ठरवणारी त्यांची संस्था) ट्रान्सफर पोर्टल काढलं, म्हणजे एक यादी, ऑनलाइन. पोराने कॉलेजच्या ऑफिसला सांगायचं मला नाव टाकायचंय, दोन दिवसांत टाकावंच लागतं, परवानगी वगैरे काही नाही, आणि नाव पडलं की देशातल्या कुठल्याही कोचने फोन करावा. २०२१ ला पहिल्यांदा बदलणाऱ्याला वर्षभर बाकावर बसायची अट रद्द केली. मग २०२३ च्या डिसेंबरात वेस्ट व्हर्जिनियातल्या फेडरल कोर्टाने दुसऱ्यांदा बदलणाऱ्याला बसवायलाही एनसीएए ला मनाई केली आणि २०२४ पासून कितीही वेळा बदला, फक्त अभ्यासात पास पाहिजे.

दुसरीकडे १ जुलै २०२१ पासून पोरांना स्वतःच्या नावाचे, फोटोचे पैसे घ्यायला परवानगी मिळाली, त्याला एनआयएल म्हणतात. कागदावर ते जाहिरातीचे पैसे, प्रत्यक्षात काय होणार ते तुम्हीआम्ही पुण्यात बसूनही सांगू शकलो असतो. आणि जुलै २०२५ पासून तर कॉलेजच थेट पैसे देतं, पहिल्या वर्षी एका कॉलेजला सगळ्या खेळांना मिळून साधारण २ कोटी ५ लाख डॉलरची मर्यादा, त्यातला मोठा घास फुटबॉलचा.

म्हणजे जायला आडकाठी नाही आणि समोरून पैसे. टीम टिकणार कशी? आयपीएल म्हणता तर आयपीएलमध्ये पोरगा निदान कराराने बांधलेला असतो हो.

बाकरवडी_संपली

मेंडोझा बर्कलीहून आलाय, कॅलिफोर्निया युनिव्हर्सिटी. आणि हाइजमन ट्रॉफी, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूचं बक्षीस, घेऊन गेला. त्याआधीचे हाइजमनवाले बघा, २०२२ केलेब विल्यम्स, २०२३ जेडन डॅनियल्स, २०२४ ट्रॅव्हिस हंटर, सगळे कॉलेज बदललेले. हल्ली न बदलता चांगला खेळला तर लोक विचारत असतील, काय रे तुला कोणी घेतलं नाही का.

अवांतर: आपल्याकडे रणजीत काय वेगळं चाललंय? फक्त एनओसी नावाचा कागद लागतो. वासिम जाफर विदर्भाला गेला आणि २०१७-१८ ला विदर्भाने पहिल्यांदा रणजी मारली. २०२४-२५ ला परत मारली तेव्हा करुण नायर होता, कर्नाटकचा. पृथ्वी शॉ मुंबई सोडून आपल्याकडे, महाराष्ट्राच्या टीममध्ये आला तेव्हा याच फोरमवर लोकांनी पेढे वाटले होते. आपल्याकडे आला की अनुभवी खेळाडू, आपल्यातून गेला की गद्दार, एवढंच.

तळजाई_वॉकर

हाहा बरोबर आहे. पण रणजीत अकरातले दोनतीन बाहेरचे. इथे किती?

नाईटशिफ्ट_बाणेर

इथेच तर गंमत आहे. पूर्वी एका वर्षात २५ च्या वर नवीन स्कॉलरशिपवाले घेता यायचे नाहीत, ती मर्यादा काढली. मग २०२३ ला कोलोरॅडो युनिव्हर्सिटीत नवीन कोच डीऑन सँडर्सने जे केलं ते बघा. आदल्या वर्षी टीम १२ पैकी १ जिंकलेली. हा आला, जुन्या पोरांना पहिल्याच मीटिंगमध्ये जवळपास सांगूनच टाकलं की पोर्टलमध्ये जा, आणि बाहेरून ५० च्या वर पोरं आणली. पूर्ण बिल्डिंग पाडून रीडेव्हलपमेंट, आपल्या कर्वेनगरसारखं. पहिल्या वर्षी ४-८ (म्हणजे ४ जिंकल्या, ८ हरल्या), दुसऱ्या वर्षी ९-४, सगळीकडे हवा. मग त्याचा मुलगा शेड्यूर आणि हंटर दोघं एनएफएल ला (तिकडची व्यावसायिक लीग) गेले आणि २०२५ ला परत ३-९.

आता इंडियाना. २०२३ ला ३-९ होती, आणि एकूण इतिहास काढला तर हरण्यातच नाव. कोच कर्ट सिग्नेटी जेम्स मॅडिसन नावाच्या छोट्या कॉलेजातून आला, येताना तिथली १३ पोरं घेऊन आला. ही पोरं काही हिरो नव्हती, शाळेत असताना मोठ्या कॉलेजांनी ढुंकूनही बघितलं नव्हतं. पण २१-२२ वर्षांची, तीनचार वर्षं खेळलेली, आणि याची पद्धत माहीत असलेली. त्याचं म्हणणं असं की मला पोरगा पुढे काय करू शकेल हे नको, आत्तापर्यंत काय केलंय ते दाखवा. दोन वर्षांत चॅम्पियन. काका तुम्ही ऑक्टोबरात ज्यांना बघितलं त्यातली काही जेम्स मॅडिसनवाली पोरं फायनललाही होती, तुमचं लक्ष क्वार्टरबॅककडे होतं म्हणून. म्हणजे अर्धी टीम बदलली तरी कणा तोच ठेवला त्याने, डीऑनने कणा आणलाच नाही, दोन स्टार आणले.

उलट क्लेमसन युनिव्हर्सिटीचे कोच डॅबो स्विनी बरीच वर्षं पोर्टलला हात लावायला तयार नव्हते, आपली पोरं आपण घडवणार म्हणून. २०२५ ला सीझनआधी पहिल्या पाचात धरलेली टीम, शेवट ७-६. माझा क्लायंट म्हणतो तत्त्वाचा माणूस, मी म्हणतो पेन्शनीत निघालेला माणूस.

वहीत_लिहिते

मी शिकवते (कुठे ते विचारू नका) त्यामुळे माझं लक्ष क्रेडिटकडे. नियम असा आहे की तिसरं वर्ष सुरू होताना डिग्रीचं ४० टक्के झालेलं पाहिजे, चौथ्याच्या आधी ६०, पाचव्याच्या आधी ८०. नाही झालं तर खेळता येत नाही. आता प्रत्येक वेळी कॉलेज बदललं की सगळे विषय नवीन कॉलेज मान्य करतंच असं नाही, मग टक्के खाली येतात, मग पोरगं असा कोर्स घेतं ज्यात जुनं सगळं बसेल. आवडीचा नाही, बसेल तो. आपल्याकडे एबीसी (अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स) आयडी आला तेव्हा आम्हाला सांगितलं होतं की आता क्रेडिट बँकेत जमा, कुठेही न्या. आमच्याकडे एक मुलगी दुसऱ्या जिल्ह्यातून आली होती, मायग्रेशन सर्टिफिकेट आणि मार्कांची टोटल जुळवता जुळवता तिचं अर्धं सेमिस्टर गेलं, शेवटी दोन पेपर परत दिले तिने. आणि ती काही आठवड्याला वीसतीस तास मैदानावर नव्हती.

तीन कॉलेजं फिरून आलेला पोरगा एनएफएल ला गेला तर प्रश्न नाही, पण जाणार किती.

मैदानावरचा_मास्तर

सगळे चॅम्पियनबद्दल बोलताय म्हणून लिहितो. मी धायरीकडे पोरांना कबड्डी शिकवतो बावीस वर्षं झाली. मला त्या अमेरिकेचं फार कळत नाही पण वरचं वाचून एक कळलं, कोच जर २२ वर्षांचा तयार गडी घेणार असेल तर १७ वर्षांच्या पोराला कोण विचारणार? जागा तर तेवढ्याच ना?

नाईटशिफ्ट_बाणेर

मास्तर, जागा उलट कमी झाल्यात. पूर्वी ८५ स्कॉलरशिप आणि वर स्वतःच्या पैशाने येणारी पोरं धरून मोठ्या कॉलेजात १२० वगैरे जण असायचे, आता २०२५ पासून १०५ ची मर्यादा. त्या सगळ्यांना स्कॉलरशिप देता येते, पण आधीपासूनच्या काही पोरांना सूट सोडली तर त्यापुढचं पोरगं नाही. आणि शाळेतून येणाऱ्याला आता आधी छोट्या कॉलेजात जाऊन दाखवून द्यायचं, मग मोठं कॉलेज उचलणार. छोटं कॉलेज म्हणजे नर्सरी. जेम्स मॅडिसनच्या माणसाला विचारा इंडियाना जिंकल्यावर काय वाटलं ते.

आणि एक किस्सा सांगतो, हा माझा फेव्हरिट. टेनेसी युनिव्हर्सिटीचा क्वार्टरबॅक निको यामालेआवा, एप्रिल २०२५ ला पैशाची बोलणी चालल्याच्या बातम्या आल्या, पोरगा प्रॅक्टिसला आला नाही, कोच म्हणाला संपलं. तो गेला यूसीएलए ला, म्हणजे लॉस एंजेलिसच्या युनिव्हर्सिटीत. आता यूसीएलए मध्ये जोई अगिलार नावाचा पोरगा चारच महिन्यांपूर्वी ॲपलाचियन स्टेट सोडून आलेला, बॅगही नीट उघडली नसेल, त्याच्या डोक्यावर हा येऊन बसला. मग अगिलार कुठे गेला असेल? टेनेसीला! सरळ अदलाबदल. आणि टेनेसी ८-५, यूसीएलए ३-९, पहिल्या तीन मॅच हरल्यावर तिथल्या कोचलाच घरी पाठवलं.

बाकरवडी_संपली

साटंलोटं 😂 आमच्याकडे लग्नात होतं हे.

तळजाई_वॉकर

नाईटशिफ्ट, छान सांगितलंत, धन्यवाद. म्हणजे वर्षभर कधीही उठून जाता येतं का? आणि पोर्टलमध्ये नाव टाकलं आणि कोणीच घेतलं नाही तर? परत जुन्या कॉलेजात?

नाईटशिफ्ट_बाणेर

कधीही नाही. आधी डिसेंबरात एक खिडकी आणि एप्रिलमध्ये एक असायची, आता एप्रिलची बंद करून एकच ठेवलीय, २०२६ ला २ ते १६ जानेवारी. कोच गेला तर त्या टीमच्या पोरांना वेगळी खिडकी मिळते. त्यामुळे तुमची फायनल चालू होती तोवर बाकीच्या देशात पोरांची दुकानदारी उरकली होती.

आणि घेतलं नाही तर वाईट अवस्था. नाव टाकलं की जुनं कॉलेज ते सत्र संपल्यावर स्कॉलरशिप बंद करू शकतं, परत घ्यायला बांधील नाही. घेतलं तर त्यांची मर्जी. बातम्यांमध्ये येतात ते वरचे पन्नासेक, यादीत दरवर्षी हजारांनी नावं असतात, त्यातली बरीच खालच्या लेव्हलला जातात नाहीतर कुठेच नाही. शिवाय शब्दावर विश्वास ठेवून गेलेले वेगळे. २०२४ ला मॅथ्यू स्लूका म्हणून क्वार्टरबॅक होता यूएनएलव्ही चा (लास व्हेगासची युनिव्हर्सिटी), तीनपैकी तीन मॅच जिंकल्या आणि मध्येच खेळायचं थांबला, म्हणे एक लाख डॉलर तोंडी कबूल केले होते ते मिळाले नाहीत. कॉलेजचं म्हणणं असं काही ठरलंच नव्हतं. लेखी काही नाही.

मैदानावरचा_मास्तर

तोंडी.

आमचा एक चढाईपटू होता, नाव नाही सांगत. उजवीकडून आत शिरायचा आणि बोनस घेऊनच परत, समोरच्या कोपऱ्याला कळायच्या आत. अकरावीला एका कॉलेजात स्पोर्ट्स कोट्यातून घेतलेला, फी निम्मी, चाललं होतं. बारावीनंतर दुसऱ्या एका कॉलेजचे सर येऊन त्याच्या घरी चहा पिऊन गेले. फी पूर्ण माफ, होस्टेल, मेसचे पैसे, सगळं करू. वडील रिक्षा चालवतात, त्यांनी मला विचारलं मास्तर काय करू, मी म्हणालो लिहून घ्या. ते म्हणाले एवढे मोठे लोक आहेत, लिहून कसं मागायचं.

गेला. ऑगस्टमध्ये गुडघा दुखावला. दिवाळीच्या आत मेसवाल्याने डबा बंद केला, ऑफिसात विचारलं तर फी माफीचा अर्जच कुठे नाही. ते सर म्हणाले बघतो. जुन्या कॉलेजात ॲडमिशन संपलेली.

म्हणून मला तुमचं ते पोर्टल वाईट नाही वाटत हो. निदान यादीत नाव तरी असतं, दोन दिवसात टाकतात म्हणता. पोराने जाऊच नये असं मी कधी म्हटलं नाही, पोराचं पाच वर्षांचं आयुष्य असतं खेळात, मिळतंय तिथे जाणारच. आमच्या मंडळातून दुसऱ्या मंडळात गेले त्यांच्या लग्नाला पण गेलोय मी.

वहीत_लिहिते

मास्तर, त्याचं पुढे काय झालं? शिकतोय का?

मैदानावरचा_मास्तर

बाहेरून बीकॉम करतोय, दुसरं वर्ष. दिवसा नवले पुलापाशी मामाच्या गॅरेजवर असतो. गुडघा ठीक आहे आता. रविवारी सकाळी येतो, लहान पोरांच्या चढाया घेतो, माझ्यापेक्षा जास्त ओरडतो त्यांच्यावर.

तळजाईवाले, एखाद्या रविवारी या इकडे. ती लाल जर्सी घालून या, ओळखायला बरं पडेल.