टूरिंगसाठी मागचे शॉकअप बदलायचे आहेत, स्प्रिंग कशी ठरवायची?

मानेवाडा_६५०

नमस्कार मंडळी. माझी ६५० सीसीची जुळ्या सिलिंडरची क्रूझर आहे. मागे दोन शॉकअप, मॅन्युअलमध्ये मागच्या चाकाचा ट्रॅव्हल, म्हणजे चाक वरखाली किती हलू शकतं ते, १०१ मिमी दिलाय. गाडी २७ हजार किमी चाललीय. आठवडाभर मी एकटा, मानेवाड्याहून बुटीबोरीला ड्युटीवर. सुट्टीत मागे बायको आणि दोन्ही बाजूंना पेट्या. माझं वजन ७८, तिचं ६४, पेट्यांसकट सामान २५ किलो.

त्रास दोन तऱ्हांचा आहे, आणि तेच मला समजून नाही राहिलं. एकटा असलो की सिमेंट रोडच्या प्रत्येक जोडावर कमरेत दणका बसतो. वर्धा रोडचा उड्डाणपूल तर मी आता टाळतोच. दोघं असलो की उलट. छिंदवाड्याच्या पुढे तामियाच्या वळणांवर गाडी मागून दबून चालते आणि गतिरोधकावर शॉकअप धाडकन तळाला लागतो.

दिवाळीत पचमढीहून परत येताना सौंसरला चहाला थांबलो, तर हिला गाडीवरून उतरताच येईना. पाठ धरली होती. तिला मणक्याचा जुना त्रास आहे. "पुढच्या वेळी तुम्ही एकटेच जा," म्हणाली. लग्नाला अकरा वर्षं झाली, एकही मोठी राइड मी तिच्याशिवाय केली नाही आणि करायचीही नाही. म्हणून विचारतोय.

बजेट ३५ हजारांपर्यंत. वायएसएस, हॅगन, ओहलिन्स अशी नावं पाहून राहिलो. एका दुकानदाराचं म्हणणं, १५ मिमी लांब जोडी टाका, गाडी उचलली जाईल, मग तळाला लागणार नाही. हे बरोबर आहे काय? आणि बाजूला गॅसचा डबा असलेले घ्यावे की साधे चालतील?

काटोलनाका_जुना_रायडर

भाऊ, आधी त्या १५ मिमीचं. घेऊ नका. मी हे करून बसलोय, दुसऱ्या गाडीवर. मागची बाजू उचलली की पुढचा फोर्क जास्त उभा होतो. गाडी वळायला चपळ होते खरी, पण हायवेवर ट्रक बाजूने गेला की हँडल थरथरतं. साइड स्टँडवर गाडी इतकी कलायची की उतारावर उभी करायची भीती वाटे. चेनचा ढिलेपणा बदलला, हेडलाइटचा झोत खाली आला. दोन महिन्यांत जुनी जोडी परत लावली. आणि मुख्य म्हणजे लांबीने तळाला लागणं थांबत नाही. ते काम स्प्रिंगचं आणि डॅम्पिंगचं, म्हणजे आतलं तेल स्प्रिंगची हालचाल आवरतं त्याचं.

तुम्ही ब्रँडपासून सुरुवात केली. मी म्हणतो टेपपासून करा. एका माणसाला मदतीला घ्या आणि मागच्या चाकाच्या अ‍ॅक्सलपासून सरळ वर मडगार्डवर एक खूण करून चार मापं घ्या. चाक जमिनीवरून उचलून, म्हणजे शॉकअप पूर्ण लांब. मग गाडी नुसती स्वतःच्या वजनावर. मग तुम्ही पूर्ण राइडिंग गिअर घालून बसलेले, पाय फूटपेगवर. मग दोघं आणि भरलेल्या पेट्या. मापाआधी दरवेळी गाडी दोन-तीनदा दाबून सोडा, नाहीतर शॉकअपच्या टोकांचे बुश अडकून खोटं माप देतात.

पहिल्या मापातून बाकीची वजा केली की सॅग, म्हणजे वजनाने मागची बाजू किती दबते ते, कळतो. माणूस बसल्यावर एकूण ट्रॅव्हलचा चौथा ते तिसरा हिस्सा दबायला हवा, म्हणजे तुमच्या गाडीला साधारण २५ ते ३३ मिमी. पण खरी गोष्ट दुसऱ्या मापात आहे. नुसती गाडी जेमतेम २-३ मिमी दबत असेल आणि माणसं बसल्यावर मात्र भरपूर दबत असेल, तर स्प्रिंग मऊ आहे आणि ती मऊ आहे म्हणून कोणीतरी प्रीलोड, म्हणजे स्प्रिंगला आधीच दिलेला दाब, कसून ठेवलाय. लोकांना हे उलटं वाटतं. प्रीलोड कसला म्हणजे स्प्रिंग कडक झाली असं समजतात. ती होत नाही. एक मिमी दाबायला जेवढं वजन लागतं तेवढंच लागतं, फक्त गाडी वर उभी राहते आणि चाकाला खड्ड्यात खाली उतरायला जागा कमी उरते. तुमचं एकट्याचं आणि दोघांचं असं दोन्हीकडून दुखणं मला तरी त्यातलंच दिसतं.

मापं इथं टाका, मग खरेदीचं बोलू.

स्पॅनर_हिंगणा_रोड

माझं स्वतःचं छोटं गॅरेज आहे. काकाजींचं बरोबर आहे, माझी दोन गोष्टींची भर. टायरमधली हवा सकाळी, गाडी थंड असताना तपासा. दुपारी तापलेल्या टायरमध्ये पंपावरचं माप भलतंच येतं. दुसरं, शॉकअपचे वरचे-खालचे बोल्ट. इम्पॅक्ट गनने आवळलेले असले तर रबरी बुश पिळला जातो आणि शॉकअप बारीक धक्क्याला हलतच नाही. ढिले करा, गाडी तिच्या वजनावर उभी ठेवा, मग टॉर्क रेंचने मॅन्युअलमधल्या आकड्यावर आवळा. निम्मे दणके इथंच जातात, हे मी कितीतरी गाड्यांवर पाहिलंय.

डब्याबद्दल. साध्या गॅस शॉकअपमध्ये तेल आणि नायट्रोजन एकाच नळीत असतात. रस्ता सलग खराब असला की त्यांचा फेस होतो आणि फेस छिद्रांतून सहज निसटतो, मग डॅम्पिंग गळून पडतं. आलापल्ली ते सिरोंचा एकदा जाऊन या, शेवटच्या तासाला गाडी बोटीसारखी डोलते. डब्यात गॅस वेगळा ठेवतात, मधे सरकता पिस्टन असतो. शिवाय तेल जास्त, त्यामुळे तापायला वेळ लागतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, सायलेन्सर शेजारीच, तेव्हा पेट्या आणि दोन माणसं असतील तर डब्याचा फायदा आहे. फक्त डबा पेट्यांच्या फ्रेमला किंवा पिलियनच्या, म्हणजे मागे बसणाऱ्याच्या, टाचेला लागतो का ते आधी बघा. एकटा ऑफिसला जाणाऱ्याला मी साधेच सुचवतो.

आणि दुकानदाराला एवढं नक्की विचारा: सील किट आणि तेल इथं मिळतं काय, खोलून दुरुस्त होतो काय. जो शॉकअप खोलताच येत नाही तो कितीही भारी असला तरी २५-३० हजार किमीनंतर भंगार.

मागच्या_सीटवरून

मी गाडी चालवत नाही, सात वर्षं मागे बसतेय, म्हणून लिहिते. पिलियन जवळजवळ मागच्या चाकावरच बसलेली असते. तुम्हाला जो धक्का हलका वाटतो तो आम्हाला पूर्ण बसतो, आणि समोर खड्डा आहे हे आम्हाला दिसतही नाही. आमच्या गाडीचे शॉकअप बदलल्यावर नवऱ्याने सगळं सेटिंग स्वतःच्या अंदाजाने केलं होतं. मग मी म्हटलं, ओळखीच्या दहा किलोमीटरच्या रस्त्यावर मला बसव, दर फेरीला रिबाउंडचे, म्हणजे दबलेला शॉकअप किती वेगाने परत वर येतो त्या सेटिंगचे, दोन क्लिक बदल आणि मला विचार. तीन फेऱ्यांत कळलं. रिबाउंड फार घट्ट होता, लागोपाठच्या खड्ड्यांत शॉकअप परत वर यायच्या आतच पुढचा दणका बसत होता. वहिनींना सोबत घेऊनच सेट करा.

मानेवाडा_६५०

काकाजी, रविवारी भाच्याला घेऊन मापं घेतली. चाक उचलून ६१२. नुसती गाडी ६०९. मी बसल्यावर ५९०. दोघं आणि सामान ५६२. म्हणजे नुसती गाडी ३ मिमी, मी २२, दोघं ५०. अर्धा ट्रॅव्हल बसल्याबसल्याच संपतो! प्रीलोड शेवटच्या खाचेवर होता. मी तो कधी हलवला नाही, सर्व्हिसला कोणीतरी फिरवून ठेवला असणार. मला कोणी सांगितलं नाही.

सी-स्पॅनरने प्रीलोड उतरवला, आता नुसती गाडी ११ आणि मी बसल्यावर ३०. बोल्ट ढिले करून टॉर्कवर आवळले. मागच्या टायरमध्ये पुस्तकातल्यापेक्षा ६ पीएसआय जास्त निघाले. काल वर्धा रोडच्या उड्डाणपुलावरून मुद्दाम गेलो. जोड कळतात, पण कमरेत बसत नाहीत. हे सगळं एक पैसा न घालता झालं, आणि दोन वर्षं मी उगाच दणके खाल्ले याचं फार वाईट वाटतंय. माझ्यापेक्षा तिने खाल्ले.

काटोलनाका_जुना_रायडर

आकडे अगदी स्वच्छ आहेत. तुमच्या एकट्यासाठी आहे ती स्प्रिंग पुरते, दोघांसाठी नाही. आता बनवणाऱ्याला गाडीचं मॉडेल, तिघांची वजनं (तुम्ही, वहिनी, सामान) आणि हे चारही आकडे लिहून पाठवा. मूळ लांबीचीच जोडी, एक पायरी कडक स्प्रिंग, रिबाउंड अ‍ॅडजस्टेबल. कडक स्प्रिंग जास्त जोराने परत उसळते, म्हणून जुन्या शॉकअपवर नुसती स्प्रिंग बदलून भागत नाही, डॅम्पिंग तिच्या जोडीचं लागतं. दोघांचा सॅग ३५ ते ३८ आला तरी समाधान माना, त्याहून कमी करायला गेलात तर ऑफिसला जाताना परत दणके. प्रीलोडची कॉलर सहज फिरणारी बघा, कारण शुक्रवारी संध्याकाळी कसायची आणि सोमवारी उतरवायची आहे. दोन्ही बाजूंचे फेरे मोजून सारखे ठेवा.

मानेवाडा_६५०

मेल पाठवला. डबेवाली जोडी, मूळ लांबी, पेट्यांच्या फ्रेमपासून डब्याला १८ मिमी जागा राहते, पुठ्ठा कापून पाहिलं. बजेट थोडं वर जाईल, जाऊ दे. वरची "मागच्या सीटवरून"ची पोस्ट हिला वाचून दाखवली. तेव्हापासून विचारून राहिली, पार्सल कधी येणार. आलं की पहिली फेरी रामटेकची, सकाळी सहाला, आणि क्लिक ती सांगेल तसे.