टायटल दोन दिवसांत? काहून बाप्पा!

बारदाना:
मूळ पोस्ट म्हणते, "जिनिंगमधल्या खुनाच्या कादंबरीवर मालिका हाय, तर सुरुवातीच्या टायटलात, जिथं नावं येतात तिथं, कापसाच्या गंजीवर लाल थेंब पाडा, टाइपरायटरवानी नावं टकटक उमटवा. दोन दिवसांत होते." हिशेब केला का? हे स्टॉप मोशन: वस्तू जराशी सरकवा, फोटो काढा, पुन्हा सरकवा. टायटल ७५ सेकंदांचं, सेकंदाला २४ फ्रेम म्हणजे चित्रं, तर झाल्या १८००. एक फोटो दोन फ्रेम धरला तरी ९०० फोटो. मिनिटाला एक म्हटलं तर नुसतं शूटिंग १५ तास, तेही काही हललं नाही तर. कापूस तर श्वासानंही हलते. पडद्यावर गंजी उकळल्यासारखी दिसते. डिजिटल करा, सुटा.

पऱ्हाटी:
उकळू द्या ना! गंजी जित्ती वाटली तर खुनाच्या गोष्टीत बिघडलं कुठं? खरा वांधा विजेचा. मोटारी सुरू झाल्या की व्होल्टेज पडते, फोटोगणिक उजेड बदलते, मग लुकलुक. १२ व्होल्टच्या बॅटरीवर एलईडी लावा. कॅमेरा पूर्ण मॅन्युअल, व्हाइट बॅलन्स म्हणजे रंगाचा तोलसुद्धा. एक्स्पोजर एक स्टॉप खाली, म्हणजे उजेड निम्मा, नाहीतर तंतू फटफटीत होतात. अन् टेबलापाशी पांढरा सदरा नको, त्याचा उजेड कापसावर पडते.

शिरोरेषा:
त्या "टकटक"वर कोणीच बोलून नाही राहिलं! मराठी टाइपरायटरवर अख्खं अक्षर एका ठोक्यात येतं का? 'ख' म्हणजे आधी अर्धा ख, मग काना. ऱ्हस्व वेलांटी तर अक्षराच्या आधी ठोकायची. युनिकोडमध्ये, म्हणजे आजच्या संगणकी टायपिंगात, उलटं: आधी क दिसतो, मग वेलांटी घुसते आणि क उजवीकडे उडी मारतो. 'खून' ठोकायचा तर अर्धा ख लटकू द्या, मग काना पाडा. अक्षरांचे आकार सुटे करून हातानं हलवावे लागतील.

बारदाना:
लोक मोबाइलवर पाहतात, गुरुजी. दोन फ्रेम म्हणजे सेकंदाचा बारावा हिस्सा. कोणाला दिसते तुमचा अर्धा ख?

शिरोरेषा:
मग सहा फ्रेम धरा. उडी मारणारा क मात्र सगळ्यांना दिसतो.

पऱ्हाटी:
टाइपरायटरच काढून टाका. अक्षरं आधी बोडकी ठेवा, वरून सुताचा धागा ओढत न्या, तीच शिरोरेषा. शाळेत रेघ शेवटीच मारतो ना आपण.

शिरोरेषा:
वा! सरळ धागा ओढला की 'धोंडे'चे झाले 'घोंडे'. 'भ'चाही 'म' होतो. मग श्रेयनामावलीत ज्याचं नाव बिघडलं तो तुमच्या दारात.

बारदाना:
ध-भपाशी धागा तोडा, इतकं काय त्यात. चला, सुताचं मान्य. लाल थेंब मात्र मेलो तरी नाही. प्रेत गंजीत हाय हे पुस्तकात तिसऱ्या प्रकरणात कळते, अन् तुम्ही टायटलातच दाखवून राहिले! वजनकाटा दाखवा, फाटकं बारदान दाखवा, खोडलेली काटापावती दाखवा. सिनेमाची टायटलं करणाऱ्या सॉल बासनं १९५९ मध्ये 'अ‍ॅनाटॉमी ऑफ अ मर्डर' या सिनेमाला कापलेल्या कागदाचे हातपाय ठेवले, तेवढ्यात भागलं.

पऱ्हाटी:
तो कागद होता म्हणून भागलं, कापूस असता तर समजलं असतं. असो, थेंब नको. नावांची यादी मात्र आधी सहीनिशी घ्या. नावाची एक पाटी तीन सेकंद, म्हणजे ३६ फोटो. मागाहून निर्मात्याचा साळा वाढला की तितके पुन्हा काढा, अन् संगीतही तीन सेकंदांनी कमी पडते.